गुडघ्याच्या वर चार बोटं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ सप्टेंबर २०२५

चि. संयोगिता हिस,
अ. उ. आ.

फोनवर तू बोलतेस ते मला ऐकू येत नाही, आणि मी बोलतो ते तुला ऐकायचं नसतं, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे. ते घातलं की तुझ्या वहिनीचं सगळंच ऐकू येतं, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते झेपत नाही.

कामाचं लिहितो. आपल्या शाळेच्या स्काउट पथकाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. रविवारी १६ नोव्हेंबरला मेळावा ठेवला आहे. जुनी पोरं येणार, त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर केस नाहीत. एकतीस वर्षं मी स्काउटमास्तर होतो, म्हणून माझा सत्कार करणार आहेत, आणि फुकट कशाला करा म्हणून प्रदर्शनाचं कामही माझ्याच गळ्यात घातलं आहे. विषय मी दिला: स्काउटचा गणवेश, पहिल्यापासून आजपर्यंत.

महाद्वार रोडचा एक कापडवाला सहा पुतळे देतो म्हणाला आहे. पहिल्या पुतळ्यावर रुंद काठाची हॅट, खाकी सदरा, खाकी हाफ पॅन्ट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि हातात काठी. हा सगळा थाट एका इंग्रज सेनापतीनं आफ्रिकेतल्या लढाईवरून पोरांसाठी उचलून आणला. दुसऱ्यावर हॅटच्या जागी फेटा, कारण आपले आबा सांगायचे की संस्थानच्या वेळी ते फेटा बांधून संचलनाला जात. मग निळी टोपी आली, गळ्यातल्या स्कार्फचे रंग पथकागणिक वेगळे झाले, मुलींचा आकाशी पोशाख आला. शेवटच्या पुतळ्यावर आजचा राखाडी शर्ट आणि निळी फुल पॅन्ट. आमच्या पथकात फुल पॅन्ट आली आणि शिस्त गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. ते फलकावरही लिहिणार आहे.

शिलाई तू करायची. गारगोटीत बसून अर्ध्या तालुक्यातल्या शाळांचे गणवेश शिवतेस, भावाचे सात काही जड नाहीत. सातवा माझा. मी मंचावर जुन्या खाकीत बसणार आहे.

एक गंमत राहिली. तपासणीची जुनी वही सापडली. १९८९ चं पान उघडलं तर ऋतुराजच्या हाफ पॅन्टची कापलेली पट्टी अजून टाचणीला आहे! गुडघ्याच्या वर चार बोटं, हा आपल्या पथकाचा नियम, आणि तू शिवलेली पार गुडघ्याखाली उतरलेली. सात शाळांच्या पोरांसमोर मी स्वतः कात्री लावली होती, आठवतं ना. ती पट्टी चौकटीत लावणार आहे. खाली लिहायचं: सख्ख्या भाच्यालाही सूट नाही, ऋतुराज, इयत्ता सातवी. लोक पोट धरून हसतील. त्यालाही ये म्हणावं. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झाला, अजून रुसलाय की काय?

लोभ आहेच. तो तुझ्या शिलाईसारखा वाकडा जाऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


गारगोटी
२१ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या या पत्राखालीही तू लाल पेनानं 'पाहिले' लिहून सही ठोकशील, मला माहीत आहे. वहिनी सांगते, वीजबिलावर लिहितोस, लग्नपत्रिकांवर लिहितोस, परवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही लिहिलंस. माझ्या लग्नाच्या यादीवर आबांच्या सहीखाली तुझं 'पाहिले' होतंच. तुला मास्तर होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

सातही गणवेश शिवते. जाड खाकी ड्रिल आता मिळत नाही, सगळं टेरिकॉटच. पण पेठ वडगावच्या एका व्यापाऱ्याकडे जुना तागा आहे, तो पाठवतोय. सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, बाकी हात ठीक आहे.

आता एकच मागते. ती पट्टी लावू नकोस.

छत्तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, परत सांगते. ऋतू तेव्हा शिकायला तुझ्याकडे होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तर दोन्ही गुडघ्यांवर पांढरे डाग. इथल्या डॉक्टरांनी कोड आहे म्हणून सांगितलं. पोरं चिडवतील म्हणून मी पॅन्ट मुद्दाम लांब शिवली आणि सदऱ्याच्या खिशात तुझ्या नावानं चिठ्ठी घातली. ती तुला मिळाली नाही, असं तू स्काउटच्या शब्दावर कळवलंस. मी मानलं. ऋतू म्हणत होता मामाला दिली, मी त्याला धुतला. खोटं बोलतो म्हणून धुतला, कारण मामा तर खोटं बोलणार नाही.

तू पट्टी कापलीस आणि गुडघे सगळ्यांना दिसले. मेळावा संपताना पोरं गोल करून एकमेकांना डावा हात देतात ना, त्या दिवशी याचा हात कुणी घेतला नाही. तिथून आल्यावर त्यानं हाफ पॅन्ट घातली नाही. शेतात चिखलातसुद्धा नाही. गडहिंग्लजला राहतो, एसटीनं दीड-दोन तासांची वाट, वर्षातून एकदा येतो. दाराजवळच्या खुर्चीवर बसतो, चहा घेतो आणि जातो. त्याची पोरगी तेजस्वी कोल्हापुरात कॉलेजला आहे, तिच्या मैत्रिणी येतील प्रदर्शनाला. त्याच गावात, त्याच लोकांसमोर त्याचं नाव परत टांगू नकोस.

लोभ असू दे, आणि लाल पेन जरा बाजूला.

तुझी,
संयू


कोल्हापूर
५ ऑक्टोबर २०२५

चि. संयोगिता हिस,
अ. आ.

पत्र पाहिले. ताग्याचं उत्तम झालं.

पट्टी राहणार. तू उगाच मनाला लावून घेतेस. समितीचा अध्यक्ष सोमशेखर, म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, ती हकिकत ऐकून इतका हसला की चहा सांडला. शर्टावर सांडला, त्याबद्दल मी त्याला बोललो. इतिहास मांडायचा तर आहे तसा मांडायचा. डाग होते हे मला कापल्यावर दिसलं. आधी कळलं असतं तर गोष्ट वेगळी. चिठ्ठी मला मिळाली नाही, हे तेव्हा स्काउटच्या शब्दावर सांगितलं होतं, आताही सांगतो. पोरानं हरवली आणि खापर माझ्यावर, असं किती वर्षं चालणार?

तपासणीची वही एसटीच्या पार्सलनं पाठवली आहे. बिल्ले कुठे, खांद्यापासून किती अंतरावर, शिटीची दोरी कोणत्या बाजूला, याची सगळी चित्रं त्यात आहेत. चुकू नकोस. पट्टी चुरगळली आहे. ती काढून इस्त्री करून ठेव, चौकटीत सपाट बसली पाहिजे.

माझं माप: कंबर अडतीस. हाफ पॅन्टची लांबी मात्र नेहमीपेक्षा जास्त ठेव, गुडघे पूर्ण झाकून चार बोटं खाली येऊ दे. थंडीत गुडघे धरतात. या वयात एवढी सूट चालते. कुणाजवळ बोलू नकोस.

लोभ असावा, हे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तो आहे हे मला ठाऊक आहे.

दादा


गारगोटी
१४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न.

सहा गणवेश गेल्या आठवड्यात पोचले असतील. सातवा या पत्रासोबत आहे. उद्या संध्याकाळी तुझ्या हातात पडेल.

भाऊबीजेला वहिनीचा फोन आला होता. ती रडत होती. दोन वर्षं झाली म्हणे. दोन्ही गुडघे आणि खाली नडगीपर्यंत. घरातसुद्धा पायजमा घालून झोपतोस, मलम स्काउटच्या पुस्तकांमागे लपवतोस, आणि बाई डॉक्टर नको म्हणून सांगलीला जातोस. मी तिला म्हटलं रडू नको, माणूस आहे, होतं. तुझी पॅन्ट त्याच दिवशी कापली, गुडघ्याखाली चार बोटं, तू सांगितलीस तशी. शिवताना वाटलं, आता तरी दादाला कळलं असेल. आता पट्टी तो स्वतःच काढेल, आपण मागायला नको. दोन आठवडे तुझ्या पत्राची वाट पाहिली. पत्र आलं नाही. सोमशेखरनं छापलेल्या पाटीचा फोटो मात्र फोनवर पाठवला. ऋतूचं नाव मोठ्या अक्षरात, आणि पुढे हसणारी तीन तोंडं.

मंगळवारी मी इस्त्री तापवली. वही उघडली. पट्टीवर माझीच तुरपाई, एक टाकासुद्धा उसवलेला नाही. टाचणी काढली तर पट्टीखाली चार घड्यांचा कागद. पान फाटू नये म्हणून तू टाचणीखाली घातला असशील.

कागद माझा आहे, दादा. निळी शाई. पोराच्या गुडघ्यांवर डाग आले आहेत, पॅन्ट मुद्दाम लांब शिवली आहे, रांगेत त्याला काही बोलू नकोस, एवढंच लिहिलं होतं. खाली लाल पेनानं 'पाहिले', तुझी सही, १८ नोव्हेंबर १९८९, सकाळी सव्वासात. वेळसुद्धा घालायची तुझी सवय! तपासणी आठला होती.

पाऊण तास होता तुझ्याजवळ.

तुला मी काय म्हणू? शिव्या मला खूप येतात, बाजारात दुकान चालवते मी. पण एकही पुरी पडत नाही. त्या पोराला मी चार दिवस मारलं. मामाचा शब्द खरा म्हणून मारलं.

मग मी तुझ्या पॅन्टची तुरपाई उसवली, टेप लावली आणि कात्री चालवली. गुडघ्याच्या वर चार बोटं. मोजून घे, सूतभर इकडेतिकडे नाही. पट्टी आणि चिठ्ठी मी ठेवून घेतली आहे, चौकट रिकामी टांग. दुसरी पॅन्ट शिवायला वेळ नाही, आणि पत्रिकेत छापलंय की जुन्या खाकीत हंबीरराव येणार. यायचं की ताप आला म्हणून घरी झोपायचं, ते तू ठरव. रांगेत पोरं उभी असतील.

लोभ किती होता तो टेप लावून मोजला. पुरला नाही.

संयोगिता


कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. संयोगिता हिस,
आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. तरी घे.

पार्सल शनिवारी मिळालं. पॅन्ट कंबरेला बरोबर बसली.

घातली. तुझी वहिनी दार अडवून उभी राहिली, पायजमा घाला, नाहीतर ताप आला म्हणून कळवते म्हणाली. एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो की गणवेश नाही तो रांगेत नाही. आता मी कुठल्या तोंडानं झोपून राहणार?

मंचावर चढलो तेव्हा पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या. मला ऐकू येत नाही, पण तोंडं हलायची थांबली की कळतं. सत्काराला शाल दिली. पाहुण्यांनी ती खांद्यावर घातली. सोमशेखर उठला, त्यानं ती खांद्यावरून काढली, उलगडली आणि माझ्या गुडघ्यांवर पांघरली. फार प्रेमानं पांघरली. दोन्ही बाजूंनी खोचलीसुद्धा. भाषणं दीड तास चालली. मी तसाच बसून होतो. शेवटी पोरं डावा हात द्यायला रांगेनं यायची होती. त्यांच्या मॅडमनी रांग चहाकडे वळवली. दोघेच आले. त्यातल्या एका मुलीनं विचारलं की दुखतं का. मी नाही म्हटलं.

चिठ्ठीचं. व्हय, वाचली होती. त्या सकाळी बेल्ट चुकीचा म्हणून मी हेडमास्तरांच्या मुलाला रांगेबाहेर काढलं होतं. आता भाच्याला काय करतो हे सगळी पोरं बघत होती. दोन डाग, कोण बघतंय, असं वाटलं. मग तू पत्र लिहून विचारलंस, स्काउटच्या शब्दावर सांग म्हणालीस. मी नाही म्हणून लिहिलं. एकदा लिहिलं, मग तेच लिहीत राहिलो.

पण एक सांगतो. मला वाटलं होतं पोरगं दिली म्हणेल, मी नाही म्हणेन, आणि तू त्याचं ऐकशील. तुझं पोर होतं ते. तू माझ्यावर विश्वास ठेवशील असं मला खरंच वाटलं नव्हतं.

वही परत नको. लोभ उरला नसेल तर तसं दोन ओळीत कळव.

हंबीरराव


गारगोटी
२० नोव्हेंबर २०२५

चि. ऋतुराज यास,
अ. उ. आ.

फोनवर मला हे बोलता आलं नसतं, आणि तू 'बोल' म्हणून गप्प राहतोस तेव्हा मला काहीच सुचत नाही.

बाळा, तू चिठ्ठी दिली होतीस. मामाच्या वहीत ती सापडली, त्याच्या सहीनिशी, तुझ्या पट्टीखाली. त्यानं कबूल केलं आहे. तू पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतास.

मला ते चार दिवस रोज आठवतात. दुकानातला लाकडी फूट होता, कापड मोजायचा. चौथ्या दिवशी तू म्हणालास की चिठ्ठी वेदगंगेत टाकली. मी फूट खाली ठेवला आणि म्हटलं, आता कसं खरं बोललास. तुला जवळ घेऊन भाकरी भरवली. तू खाल्लीसही. त्या घासाची मला आज लाज वाटते. मला माफ कर असं लिहिते आणि खोडते. माफी मागायला तोंड पाहिजे.

पण मी गप्प बसले नाही, एवढं ऐक. मामाच्या गुडघ्यांवरही आता कोड आलंय, त्याला लपवायचं होतं, आणि पॅन्ट शिवायला माझ्याकडे आली. मी ती त्याच्याच नियमानं कापली. रविवारी साऱ्या कोल्हापूरनं त्याचे गुडघे पाहिले. तुझ्या वाटचं सगळं मी त्याला परत केलं. तेजस्वीलाही मीच फोन करून सांगितलं होतं की जा, पुढे बस, आजीची शिलाई बघ. तिनं सांगितलंच असेल तुला.

येत्या रविवारी सूनबाईला, अनुजाला, आणि तेजस्वीला घेऊन ये. पांढरा रस्सा करते. दाराजवळची खुर्ची मी आत नेऊन ठेवली आहे.

लोभ असू दे म्हणायचा मला हक्क नाही, पण ये.

तुझी,
आई


गडहिंग्लज
२९ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सा. न.

फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून लिहितो.

चिठ्ठी मी दिली होती हे तू मला कळवतेस. मला माहीत होतं, आई. मी समोर उभा होतो. मामा सोप्यात उभा राहून वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं खिशातून लाल पेन काढलं, घड्याळ बघितलं, लिहिलं आणि कागद वहीत ठेवला. मग मला म्हणाला, पळ, रांगेत उभा राहा. हे सगळं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पेनाचा रंगही सांगितला होता.

रविवारचं मला तेजस्वीकडून कळलं. ती पुढे बसली होती, तू सांगितलंस म्हणून. मामा मंचावर आला तेव्हा तिच्या मागे दोन बायका होत्या. हे घराण्यात असतं, यांच्या पोरी कोण करणार, असं त्यांचं चाललं होतं. तिनं सगळं ऐकलं.

तिच्या उजव्या कोपरावर गेल्या वर्षी डाग आला आहे. आता खाली सरकतोय. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच लांब बाह्यांचं काहीतरी शिवून पाठवलं असतंस. आम्ही तिला कधी झाक म्हटलं नाही. डॉक्टरांकडे नेतो, औषध लावतो, बस. वर्षभर ती अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून कॉलेजला जात होती, कुणी विचारलं तर कोड आहे म्हणून सांगत होती. मला जे जमलं नाही ते तिला जमत होतं. त्या सोमवारपासून ती पूर्ण बाह्या घालते. काल बाजारात चार मीटर कापड घेतलं.

माझ्यासाठी तू दोनदा पॅन्ट कापलीस. एकदा झाकायला आणि एकदा दाखवायला. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस.

रविवारी येणार नाही. खुर्ची होती तिथं ठेव, दुसऱ्या कुणाला लागेल.

तुझं पत्र वाचलं आणि सोबत परत पाठवत आहे. शेवटी, तुझ्या सहीखाली, मी लाल पेनानं लिहिलं आहे.

पाहिले.
ऋतुराज
२९ नोव्हेंबर २०२५, सकाळी सव्वासात